लंडनला चार तास

नगरच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या प्रज्ञाला पारनेर, पाथर्डी, शेवगाव, साऱ्यांचे किलोमीटर तोंडपाठ. जानेवारी चौऱ्याण्णवच्या एका दुपारी जाळीपलीकडून कुणीतरी विचारलं,

"मॅडम, मुंबई ते लंडन किती तास हो?"

"कोणत्या डेपोची गाडी?" तिने मान वर न करता म्हटलं.

"गाडी न्हाई... विमान."

तिने मान वर केली. निळा युनिफॉर्म, नखांत ऑइल, आणि डोळे... गिऱ्हाइकाच्या डोळ्यांची नोंद घ्यायची चौकशीत पद्धत नाही. तिने घेतली.

भीमराज नागापूरच्या कारखान्यात लेथवर होता. कंपनी त्याला वर्षभर तिकडे मशीन शिकायला पाठवत होती. "आई सोडंना. लई लांब हाय म्हणते. तुमच्यासारख्या सरकारी माणसानं सांगितलं, तर ऐकंल."

त्याने तिकीट सरकवलं. सुटणार सकाळी सातला, पोचणार अकराला. प्रज्ञाने एसटीच्या शिरस्त्याने वजाबाकी केली. "चार तास. पाथर्डीहून पुण्याला याहून जास्त लागतात."

"मग दर रविवारी चहाला येतो की!"

"कुणाकडे?"

"चौकशी करून सांगतो."

मग तो रोजच येऊ लागला. कधी श्रीगोंद्याची गाडी विचारी, कधी जामखेडची. गेला मात्र कुठेच नाही. चार तास ऐकून त्याची आई भामाबाई राजी झाली, त्याचे पेढेही खिडकीतून आत आले.

परतीच्या वेळा तिने तिकिटावरून टिपून ठेवल्या होत्या. का, ते तिने स्वतःला विचारलं नव्हतं. एके दिवशी कागद नीट पाहिला. रात्री साडेनऊला सुटणार, दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला पोचणार. साडेचौदा तास! जायला चार अन् यायला साडेचौदा?

शेजारच्या सूर्यभान मास्तरांनी उलगडा केला. "अगं, तिकडचं घड्याळ साडेपाच तास मागं. सात हजार दोनशे किलोमीटर आहे ते. जायला साडेनऊ धर."

खरं सांगावं, तर भामाबाई अडवणार. न सांगावं, तर एका आईचा होकार चुकीच्या वेळेवर उभा. आणि खरं सांगायचं मनात येतंय, ते तो राहावा म्हणून तर नाही ना...?

चूक दुरुस्त करायला चौकशीतलं माणूस खिडकीबाहेर आलेलं नगरकरांनी पाहिलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी प्रज्ञा कारखान्याच्या गेटवर उभी राहिली. शिफ्ट सुटली.

"मी चुकले. साडेनऊ तास लागतात."

"बरं."

"बरं काय? आईंना सांगा. आणि तुम्ही जाऊ नये म्हणून नाही सांगत मी. म्हणजे – वाटतं तसं. पण म्हणून नाही..."

भीमराज बराच वेळ हात पुसत राहिला. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.

"आईला दोघं मिळून सांगू. अडवलं तर ऱ्हातो. सोडलं, तर... वरीसभर तिच्यापाशी अधनंमधनं येऊन बसाल का?"

"कोण म्हणून?"

"सून म्हणून," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

प्रज्ञाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"घर किती लांब आहे?"

"चालत सात मिनटं."

त्या सात मिनिटांच्या रस्त्याला दोघांना पाऊण तास लागला.