जुनिपरची खोड

ते १९५७ साल. एप्रिल संपत आला होता, तरी नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांवरचं वारं अजून अंगाला चावत होतं. नोरीन स्टॅडलर पवनचक्की पाहून घोडीवरून घरी निघाली होती. वळणावर एक निळा ट्रक मागच्या चाकांनी वाळूत रुतून बसला होता, आणि त्याच्या टपावर एक उंच तरुण पाय हलवत सफरचंद खात बसला होता.

"ढकलायचं सोडून खाताय काय?" नोरीननं विचारलं.

"ढकलून झालं. शिव्या देऊन झाल्या. म्हटलं, आता कुणीतरी येईल..." तो हसला. "आणि आलंच की!"

नोरीननं त्याच्याकडे दोर फेकला, दुसरं टोक खोगिराच्या खुंटीला गुंडाळलं आणि नुसती जीभ वाजवली. घोडी पुढे झुकली. दोन हिसक्यांत ट्रक बाहेर.

"घोडी आहे का ट्रॅक्टर?"

"स्टॅडलरांची घोडी आहे. गुरं वळवते, दोर ओढते, शर्यत पळते. म्हणाल ते करते."

ही जुनिपर. वय चार, रंग उंदरासारखा राखी, पाठीवर काळी रेघ. जन्मली तेव्हा तिला पुसून कोरडं केलं ते नोरीननं. परका माणूस हातभर जवळ आला की ती कान मागे टाकायची. तीच जुनिपर आता पुढे गेली, त्या तरुणाच्या हातातलं उरलेलं सफरचंद तिनं उचललं, आणि त्याच्या खांद्यावर नाक टेकून चावत उभी राहिली.

नोरीननं लगाम मागे ओढला. घोडी हलली नाही.

"तिला परक्याच्या हातचं चालत नाही," ती म्हणाली.

"मग मी परका नसेन..." त्यानं हॅट काढली. "वेंडेल प्रूइट. ओक्लाहोमाचा. घोडे तयार करायला ऑर्विल स्टॅडलरांनी बोलावलंय मला."

ऑर्विल म्हणजे नोरीनचे पपा. स्टॅडलरांच्या तीन पिढ्या इथं क्वार्टर जातीचे घोडे वाढवत होत्या, आणि दर सप्टेंबरात घरच्या रिंगणात लिलाव व्हायचा. त्याची एक रीत होती. बोली सुरू होण्याआधी मालकानं फाटकात उभं राहून घोड्याच्या सगळ्या खोडी मोठ्यानं सांगायच्या. चावतो, लाथ मारतो, विजेला भितो, जे असेल ते. नसेल तर 'खोड नाही' म्हणायचं. मग ज्याला वाटेल त्यानं बसून पाहावं. त्या दोन शब्दांवर लोक डेन्व्हरहून यायचे.

त्या रात्री जेवताना पपा म्हणाले, "जुनिपर यंदा लिलावात जाईल. वेंडेल तिला तयार करेल."

"पपा, तिला मी तयार केलंय!"

"तू चांगलं केलंयस, पोरी. पण पोरीनं तयार केलेल्या घोड्याला लोक हात आखडता घेतात. त्याच्या हाताला नाव आहे."

नोरीननं बटाटे असे कुस्करले की मीठसुद्धा मागायचं राहिलं.

मग तो उन्हाळा! रोज ती कुंपणावर बसून पाहायची. वेंडेलची चूक सापडावी म्हणून पाहायची, असं ती स्वतःला सांगायची. तो चुकत नव्हता. वासरू कळपातून वेगळं काढताना जुनिपर त्याच्याखाली पाण्यासारखी वाहायची. एक सवय तेवढी नोरीनच्या ध्यानात आली. घोड्यावर बसलेला असताना तो त्याला कधी थोपटायचा नाही. कौतुक सगळं खाली उतरल्यावर.

"रोज बघता. काही शिकलात का, मिस स्टॅडलर?"

"हो. एवढं मोठं नाक असूनही माणूस तोल सांभाळू शकतो."

"नाकाचाच तर आधार आहे," तो म्हणाला आणि निघून गेला. ती त्याच्या पाठीकडे, उन्हात भाजलेल्या मानेकडे पाहत राहिली. आपल्याला हेवा कुणाचा वाटतोय? घोडी घेऊन गेलेल्या माणसाचा, की त्या माणसाचा हात अंगावर असलेल्या घोडीचा? तिला काही केल्या ठरवता येईना.

ऑगस्टात घोडा निवडायला मार्सिया हॅवर आली. डेन्व्हरची, पांढरी पँट, बापाचे तेलविहिरींचे पैसे. तिला जुनिपर पाहताक्षणी आवडली. आणि वेंडेलही. बोलताना माणसालाही घोड्यासारखं थोपटायची तिची सवय होती.

"वेंडेल, तू घोडीबरोबर चल ना आमच्याकडे! डॅडी घर देतील, वर पगार दुप्पट." आणि तिनं जुनिपरची मान थोपटली, मग त्याच हातानं वेंडेलचा दंड.

वेंडेल हसून काहीतरी बोलला. तबेल्याच्या दारात उभ्या असलेल्या नोरीनला ऐकू आलं नाही. दिसलं ते हसू.

दुसऱ्या दिवसापासून नोरीन उजाडायच्या आत जुनिपरला बाहेर काढू लागली. आपल्या माणसांत कुणी करणार नाही असं काम तिनं केलं. घोडीला खोटं शिकवलं. खोगिरात बसून मान थोपटायची, आणि थोपटताच लगाम ओढून तिला गरकन डावीकडे फिरवायचं. थोपट, गरकन. थोपट, गरकन. पंधरा दिवसांत लगामाची गरज उरली नाही. वेंडेलला कळणार नव्हतं, तो थोपटतच नसे. पण मार्सिया बसली की पहिलं तेच करणार! घाबरेल, पँट मळेल, घोडी नको म्हणेल. घोडी राहील... आणि तोही.

एकदा कॉफी ओतताना वेंडेल हळूच म्हणाला, "जुनिपरला कुणीतरी रोज पहाटे फिरवतंय."

"कशावरून?"

"तोंड हलकं झालंय तिचं. लगाम जेमतेम हलवला तरी ऐकते. माझा हात जड आहे. असा हलका हात इथं एकाच माणसाचा." तो कपात पाहत होता. "मी कुणाला सांगणार नाही. तुमचीच आहे ती."

नोरीननं कप विसळायला घेतला. त्याच वेळी सांगायला हवं होतं... तिनं नाही सांगितलं.

लिलावाच्या दिवशी आकाश लख्ख होतं. दोनशे माणसं, शेजारणींनी आणलेले कोबी-खिम्याचे गरम पाव, धुरळा. जुनिपर रिंगणात आली, आणि पपांचा आवाज खणखणला, "जुनिपर, वय चार. खोड नाही!"

"मी बसून बघते," मार्सिया म्हणाली. वेंडेलनं रिकीब धरली. ती वर बसली. रिंगणाचं लोखंडी कुंपण तिच्यापासून हातभरावर होतं. नोरीननं त्या नळ्यांकडे पाहिलं, मग मार्सियाच्या उघड्या डोक्याकडे. मळलेली पँट तिनं शंभरदा मनात पाहिली होती. डोकं एकदाही नाही.

"मानेवर थोपटा तिला," वेंडेल म्हणाला, "आवडतं तिला."

मार्सियानं हात उचलला.

"थांबा! खोड आहे!"

दोनशे टोप्या वळल्या. नोरीन कुंपणावरून उडी टाकून धावली आणि तिनं मार्सियाचं मनगट धरलं. "उतरा. थोपटलं की ती फिरते... फेकून देईल."

"कुणी लावली?" पपांनी विचारलं.

"मी."

"का?"

खोटं सुचलं असतं. पण पपांचा चेहरा पाहून सुचलं नाही. "ती माझ्या आधी ह्यांना बघून खिंकाळायची म्हणून. आणि हे... हे हिच्याबरोबर डेन्व्हरला जाणार म्हणून."

कुठंतरी एक बाळ रडलं. पपांनी घसा साफ केला. चाळीस वर्षांची जरब त्या आवाजात होती.

"जुनिपर, वय चार. खोड, बसून थोपटलं की डावीकडे फिरते. लावणारी माझी मुलगी. कारण तुम्ही ऐकलंत. घोडी लिलावातून मागे घेतोय." आणि मग हळू, फक्त तिला, "जिनं लावली, तिनंच काढायची. तोवर दुसऱ्या घोड्याला हात लावायचा नाही."

तबेल्यात वेंडेल खोगीर उतरवत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"माझ्यावर राग होता, तर मला चावायचं होतं," तो म्हणाला. "घोडीला खोटं कशाला शिकवलंस?"

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता, आणि तेही असं. नोरीन रडली नाही. "चुकले," एवढंच म्हणाली.

"डेन्व्हरला मी नाही म्हटलंय. त्याच दिवशी."

"मला का नाही सांगितलंत?"

"विचारलंस कुठं? वीस दिवस 'मीठ द्या' यापलीकडे शब्द नाही!"

"...का नाही म्हणालात?"

त्यानं पट्ट्याची कडी बाहीवर चोळली. "पहाटे माझ्या खिडकीतून दिसायचीस. धुकं, राखी घोडी, वर तू. तुझा हात कुठं फिरतोय ते लांबून दिसलं नाही. तू दिसायचीस, तेवढ्यावरच थांबायचो मी." त्यानं खोगीर खाली ठेवलं. "अजून रागावलोय बरं का."

"किती दिवस?"

"खोड निघेपर्यंत. एकट्यानं निघत नाही ती. मी खाली उभा राहून तिला धरेन, तू वर बसून थोपट. उद्या पाचला ये."

"साडेचारला येते," नोरीन म्हणाली.

खोड निघायला पुढचा मार्च उजाडला. जूनमध्ये त्यांचं लग्न झालं. पपांना त्या एका लिलावाचा डाग पुसायला पाच वर्षं लागली. गिऱ्हाइकं घटली, मग परतली, आणि १९७४ मध्ये जाईपर्यंत ते फाटकात उभे राहून खोडी सांगत राहिले. मार्सियानं त्या दिवशी दुसरा तांबडा घोडा घेतला, पुढं एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं. दर नाताळात तिचं कार्ड यायचं. नोरीन ते आधी स्वतः वाचायची. जुनिपर विकली गेली नाही. तिला अकरा शिंगरं झाली, आणि ती टेकडीमागे पुरली आहे. रँच आता धाकट्या मुलीकडे आहे. तिनं तयार केलेल्या घोड्यांना लोक हात आखडता घेत नाहीत.

वेंडेल शेवटचे दोन महिने गावच्या इस्पितळात होता. एक तरुण नर्स रोज सकाळी त्याचे पांढरे केस विंचरायची, आणि तो हसायचा. तिसऱ्या दिवशी नोरीननं तिच्या हातातून कंगवा काढून घेतला. शेवटपर्यंत परत दिला नाही.