तेविसाव्या फितीतले पाणी

मंगळवारी दुपारी बाई तळघरात उतरल्या त्या केवळ एका फितीची प्रत काढून द्यायला. विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात त्यांची चौतीस वर्षे गेली होती, निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि हातातले काम अर्धवट टाकून उठायचे नाही हा त्यांचा खाक्या सगळ्यांना ठाऊक होता. त्या खाक्याला एकच अपवाद होता. तो समोरच्या कपाटात, तेविसाव्या डब्यात बंद होता.

डब्यांवरचे नेटके अक्षर त्यांचेच होते, बाविसाव्या वर्षाचे. आत कुलूपवाल्या काकांचा आवाज होता. काका दिवसभर कुलपे दुरुस्त करीत आणि संध्याकाळी दोन भावांची वीरगाथा सांगत. पुढे बाईंनी जगभरच्या गाथा अभ्यासल्या. बर्फाळ मुलखातल्या, वाळवंटातल्या, घोड्यावर बसून गायच्या. त्यांच्यावर निघालेले सिनेमे आणि संगणकावरचे खेळही त्यांनी कर्तव्य म्हणून पाहिले. पण वीरगाथा ऐकायची कशी, हे मला एका कुलूपवाल्याने शिकवले, असे त्या कोणी न विचारताही सांगत.

डबा ओला होता.

"पाइप नाही, गळती नाही, भिंतीला ओल नाही," तंत्रज्ञ म्हणाला. दिसेल ती वस्तू खोलून पाहण्याच्या सवयीमुळे त्याला सगळे नटबोल्ट म्हणत. "हवा मोजली, बाई. रुमाल वाळत घातला तर कुरकुरीत होईल, इतकी कोरडी आहे."

"मग हे काय आहे?"

"हे मी यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, तुमच्या बाईंना विचारा."

बाई हसल्या नाहीत. मागच्या आठवड्यात फक्त तेविसावा डबा ओला होता. आज बाविसावा आणि एकविसावाही ओला होता. ओल उलटी, गाथेच्या आरंभाकडे सरकत होती. नटबोल्टने बाविसाव्या फितीची घाईघाईने काढलेली प्रत लावली. काकांचा आवाज नव्हता. होते ते फक्त पाणी... संथ, जड, रुंद पात्रातून वाहणारे.

"नळाचा आवाज नाही हा," तो हळूच म्हणाला. आता त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. "असंच चाललं तर महिन्याभरात तेवीसच्या तेवीस जातील."

काकांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. बाईंनी जोडणीतला दोष, जुन्या फितीवरचा लेप सुटणे, चुंबकीय परिणाम अशी तीन कारणे वहीत लिहिली. मग तिन्हींपुढे प्रश्नचिन्हे काढली.

चार वाजता काकांची लेक आली, प्रत न्यायला. शिवणकामाने पाठीला बाक आलेला, केस पांढरे, पण जिभेची धार तीच.

"केवढीशी होतीस गं तेव्हा! आणि आता चष्म्याच्या वरून बघतेस, हेडमास्तरणीसारखी."

"या, अक्का. बसा." बाईंनी स्वतः खुर्ची पुढे केली आणि झाले ते काहीही न लपवता सांगितले.

अक्कांनी डबा नाकाशी नेला. 

"नदीचा वास आहे... आप्पांनी गाथा कुठे थांबवली होती गं?"

बाईंना तारीखवार आठवत होते. शेवटची संध्याकाळ. पाठीवर जखमी थोरला भाऊ घेऊन धाकटा पुराच्या पाण्यात उतरला होता, पाणी छातीला लागले होते, आणि बाईंनी घड्याळ पाहिले होते. फीत आठ मिनिटे शिल्लक होती, शेवटची बस मात्र सुटणार होती. 'पोरी, तो पाण्यात आहे,' काका म्हणाले होते. 'वीराला मध्येच सोडून उठायचं नसतं. काठाला लावू, मग जा.' 'उद्या लावू, काका,' असे म्हणून बाईंनी बटण दाबले. त्याच रात्री काका गेले. वीराला संकटात ठेवून कथन थांबवू नये, ही समजूत पुढे बाईंच्या प्रबंधात एक्केचाळिसावी तळटीप झाली. तळटिपेत ती निर्दोष दिसत होती.

"चूक माझी होती," बाई म्हणाल्या.

"होतीच," अक्का म्हणाल्या. "पण तुला पुढचं ठाऊक नाही. त्याला पाण्यात सोडून जो उठतो, त्याने रात्रभर दिवा लावून जागायचं असतं, त्याच्या सोबतीला. आप्पांना ताप होता. मी म्हटलं, तिने सोडलंय, तिला जागू दे. तर म्हणाले, लहान आहे, तिला परीक्षा आहे, तिच्या वाटचं मी जागतो. खिडकीत बसून राहिले. पहाटे दिवा जळत होता, आणि आप्पा..."

बाईंनी चष्मा काढला. आपल्या नावावर अशी एक रात्र आहे, हे त्यांना अडतीस वर्षांनी कळत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय करणार होतीस, आणखी एक तळटीप? अगं, माझ्याकडे त्यांचा फोटोसुद्धा नाही. आवाज आहे तो तुझ्यामुळे. राग कसा धरू?" त्यांनी डबा पुढे सरकवला. "तूच उतरव त्याला पार."

"मला शेवट माहीत नाही, अक्का."

"मलाही नाही. मी त्याआधीच झोपायचे."

शेजारपाजारच्या सांगणाऱ्यांकडून मिळालेले चार शेवट बाईंना पाठ होते, पण काकांचा त्यांत नव्हता. दुसऱ्याच्या कथेत पदरचा एक शब्द घालायचा नाही, हे त्यांनी तीन पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना बजावले होते.

"गेममध्ये बुडला की डाव पहिल्यापासून," नटबोल्ट दारातून पुटपुटला. "इथे ती सोय दिसत नाही."

बाईंनी तेविसावी फीत कोरड्या कापडाने टिपून यंत्रावर चढवली. टेबलावरचा एकच दिवा चालू ठेवला. आधी नुसते पाणी वाहिले, मग काकांचा आवाज आला, दूरचा, पाण्यातून यावा तसा. दर वाक्यानंतर एक कोवळा 'हं' येत होता. ऐकणाऱ्याने हुंकारा दिल्याशिवाय काका पुढे सरकत नसत, आणि तो हुंकारा बाविशीतल्या बाईंचा होता. पाणी कमरेला लागले. पाणी छातीला लागले. मग तो जुना खटका... आणि कोरी फीत फिरू लागली.

खोलीत गारवा उतरला. शेवाळाचा वास आला. टेबलाखाली काहीतरी संथ हलत होते, आणि बाईंना पायाच्या घोट्यांना थंड लागले. त्यांनी खाली पाहिले नाही.

"धाकट्याचे पाय सुटत होते," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातल्यासारखा निघाला. तो त्यांनी खाली आणला. "पण त्याने थोरल्याला सोडले नाही."

अक्का रुमाल तोंडावर धरून बसल्या होत्या. नटबोल्ट दाराला खिळला होता. कोणी हुंकारा दिला नाही.

"काठ दिसत नव्हता. मग त्याला एक दिवा दिसला. काठावर एक म्हातारा बसला होता. तो रात्रभर बसला होता. धाकट्याची आणि त्याची ओळख नव्हती. त्याला कोणी बसायला सांगितले नव्हते. त्याला ताप होता, तरी दिवा त्याने खाली ठेवला नाही..."

बाई थांबल्या. त्यांनी दिवा जवळ ओढला, आणि त्या पुन्हा बोलू लागल्या. दिव्याच्या रोखाने धाकटा चालला. पाणी कमरेला आले. गुडघ्याला आले. त्याने भावाला वाळूवर निजवले आणि म्हाताऱ्याच्या पायांवर डोके ठेवले.

फीत संपली. मोकळे टोक फडफडत राहिले. फरशी कोरडी होती.

सकाळी तिन्ही डबे कोरडे होते. बाविसाव्या फितीवर काका परतले होते, ठणठणीत. बाईंनी वहीतल्या तिन्ही कारणांवर काट मारली. मग त्याच पानावर, त्या जुन्या तळटिपेऐवजी, काकांचे आभार लिहायला घेतले. चौतीस वर्षांच्या नोकरीत इतके सोपे वाक्य त्यांनी लिहिले नव्हते.

दुपारी नटबोल्टने त्यांना हाक मारली. तो तेविसाव्या फितीची प्रत काढत होता.

"बाई, काल मी ध्वनिमुद्रणाचं बटण दाबलं नव्हतं. त्या यंत्राचं ते बटण दहा वर्षं मोडलेलं आहे."

त्याने शेवटची आठ मिनिटे लावली. बाईंचा आवाज त्यांत नव्हता. कोऱ्या फितीची खरखर होती, आणि ठरावीक अंतराने एक हुंकारा. हं... हं... प्रत्येक दोन हुंकाऱ्यांमधले अंतर बाईंच्या एकेका वाक्याएवढे होते. बाई थांबल्या होत्या तिथे ते लांबले होते. आवाज म्हाताऱ्याचा होता, काकांचा. तेवीस फितींत त्या आवाजाने एकदाही हुंकारा दिला नव्हता.

बाईंनी कानांवरचे हेडफोन घट्ट दाबून धरले. शेवटच्या वाक्यापाशी शेवटचा 'हं' आला. त्यांनी नकळत हात जोडले.

फीत संपायला चार सेकंद होते. अगदी जवळून, उत्सुकतेने, कोणीतरी विचारले,

"मग?"