बांधाची माती

खोटं वाटलं तर वाटू दे. पण विक्रमच्या उजव्या हाताला आज तीनच बोटं आहेत, आणि उरलेली दोन कुठे गेली ते सांगताना तो खाली फरशीकडे बघतो.

गोष्ट दातिवऱ्याची. दोन वर्षांपूर्वीची, आषाढ अमावास्येची. आणि रात्रीची मुळीच नाही… भर दुपारची.

विक्रम सांगलीकडचा, बोईसरला कारखान्यात कामाला. आई गोजराबाईचा जन्म भाड्याच्या खोल्या बदलण्यात गेला होता. तिला एकदा स्वतःच्या उंबऱ्यावर बसवायचं, एवढाच त्याचा ध्यास. म्हणून त्याने दातिवऱ्याला खाडीजवळ जागा घेतली आणि मनासारखा नकाशा काढून घेतला. देवघर पूर्वेला, स्वयंपाकाचा ओटा आईच्या उंचीचा.

खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांपासून नियमाप्रमाणे अंतर सोडलं. सगळं कायदेशीर. पण जागा पडली खोलगट. जोत्यात भरायला माती हवी होती.

ठेकेदार विनोद म्हणाला, "तो खाडीचा जुना बांध उगाच पडलाय. तिथलीच उचलू."

तो बांध तिवरांच्या पट्ट्यात. तिथे फावडं लावायलाही बंदी. पण रविवारी कार्यालयं बंद, म्हणजे कायद्यालाही सुट्टी! जेसीबी आला, बांधाला खिंडार पडलं आणि विक्रमचं जोतं भरलं.

शेजारच्या वाडीतले अण्णा धावत आले. तोंड पांढरंफटक.

"बांध खोदला? अरे, त्यात रामा हाय!"

अण्णांनी सांगितलं ते असं. त्यांच्या आजोबांच्या वेळी बांध दर उधाणाला फुटायचा. शेवटी गावाने एक माणूस खिंडारात आडवा घातला. जिवंत. सख्ख्या भावांनी त्याचे पाय धरले, आणि वरून माती टाकून ती लाकडी धुमसाने ठोकून बसवली. ठोकताना त्याला एकच सांगितलं…

"रामा, पानी आत येऊ देऊ नको."

अण्णांनी हात जोडले. "आमी त्याचा मान ठेवतो दर साली. तू त्याला घरात नेलास, विक्रम."

विक्रम हसला. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो, पण त्या दिवशी तो शहाणा नव्हता.

पुढे घराचा कोबा झाला. झिपरू नावाचा मजूर पाइप घेऊन त्यावर पाणी मारत होता. विनोद बाहेर बिडी ओढत होता.

धप्प…

आवाज जमिनीखालून आला.

धप्प… धप्प…

मग काहीच नाही. पाण्याचा आवाजही नाही.

विनोद आत गेला तर झिपरू पालथा पडलेला. जबडा मोडलेला. पाइप घशात कोंबलेला. आणि नुकताच भिजवलेला कोबा… कोरडा ठणठणीत. झिपरू वाचला, पण त्याचं बोलणं गेलं.

आता मात्र विक्रम हादरला. घर सोडून देऊ म्हणाला, तर गोजराबाईच अडून बसली.

"आरं, आत पाणी सांडायचं न्हाई, येवढंच न्हवं? भाईर शिजवीन, भाईर न्हाईन. पर आता मी कुणाच्या दारात जायाची न्हाई."

आणि म्हातारीने खरंच निभावलं. चूल, मोरी, पाण्याचा माठ, सगळं अंगणात. फरशीवर थेंब पडू दिला नाही. अण्णांची लेक सुलू रोज यायची, पायरीवर पाय पुसायची आणि मगच आत बसायची. गोजराबाईने तिला पोटच्या पोरीसारखा जीव लावला होता. इतकी सुखी आई विक्रमने कधी पाहिली नव्हती.

मग त्या अमावास्येचं उधाण आलं.

खिंडारातून पाणी सरळ गावात घुसलं. विक्रम कामावरून धावत आला तोवर वाडीत छातीभर पाणी होतं. त्याच्या घरालाही पाण्याने वेढलं होतं. पण दार उघडं असून थेंबभर आत गेलं नव्हतं. उंबऱ्यावर काच लावावी तसं ते उभंच्या उभं अडलं होतं.

आत गोजराबाई. कोरडी.

बाहेर पायरीजवळच्या खांबाला सुलू लटकलेली. तिचे हात सुटत चालले होते.

म्हातारीने काठी पुढे केली.

"आई, नको!" विक्रम ओरडला.

"डोळ्यांदेखत बुडू देऊ व्हय तिला? सुलू, धर!"

सुलू आत पडली. ओलीचिंब. साडीचं पाणी फरशीवर ओघळलं…

धप्प.

पहिल्या घावाला तिचे पाय मोडले. दुसऱ्याला छाती. मारणारा कुणी दिसत नव्हता. नुसता घाव दिसत होता, वरून खाली, माती ठोकावी तसा. तिची किंकाळी मध्येच थांबली.

विक्रम पाणी कापत पायरीपर्यंत आला आणि त्याने उंबऱ्यातून आईकडे हात घातला. हात ओला होता. घाव बसला आणि दोन बोटं फरशीत गेली. फरशीवर नाही… फरशीत.

गोजराबाई भिंतीला चिकटून उभी होती. तिला काही झालं नव्हतं. तिच्या अंगाला पाणी लागलंच नव्हतं. ती सुलूकडे बघत होती, आणि तिचे ओठ थरथरायला लागले.

विक्रमच्या लक्षात आलं.

"आई, रडू नको! आई… रडू नको गं!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. पदराचा बोळा करून डोळ्यांवर दाबून धरला. खूप वेळ धरला. पण समोर सुलू पडली होती. बाई तरी किती आवरणार?

एक थेंब पदरातून सुटला.

धप्प…

ओहोटीनंतर लोक पाय पुसून आत गेले. फरशी कोरडी होती. एक भेग नाही, रक्ताचा डाग नाही. सुलू नाही आणि गोजराबाईही नाही. दोघी वाहून गेल्या, असं सगळ्यांनी ठरवलं. कुठून वाहून गेल्या, ते कुणी विचारलं नाही.

त्या रविवारी उचललेली सगळी माती विक्रमच्या जोत्यात गेली नव्हती. उरलेली कुठे टाकली, ते विनोद आजही सांगत नाही. हे ऐकल्यापासून मीही कुठल्या नव्या इमारतीत शिरताना पाय पुसून घेतो.

विक्रम पुन्हा बोईसरला भाड्याच्या खोलीत राहतो. इमारत नवी आहे.

आईची आठवण येऊन डोळे भरले, की तो आधी धावत जिना उतरून रस्त्यावर येतो. मग रडतो.