दोन बोटांच्या जागी हात

आधीच सांगते, हे खरं आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी वाचू नका. पण खाली कमेंटमध्ये येऊन 'भास असेल ताई', 'झोप पूर्ण कर' असली अक्कल पाजळू नका. माझ्या घरातल्या माणसाचा हात गेलाय. भासाने हात जात नाही.

तारीख १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार. जागा नाशिक, गंगापूर रोडच्या आतल्या बाजूची एक अभ्यासिका. नाव सांगणार नाही.

आणि रात्र वगैरे काही नव्हती... भर दुपारचे अडीच वाजले होते.

मी हर्षाली. घर मनमाडला. पप्पा, म्हणजे सोमनाथ गुरुजी, तिथल्या शाळेत मराठी शिकवतात. त्यांचं अक्षर असं की आजूबाजूच्या शाळा निरोप समारंभाची मानपत्रं त्यांच्याकडूनच लिहून नेतात. मी नाशकात इंजिनिअरिंग संपवून आयर्लंडला बायोमेडिकलच्या एमएससाठी अर्ज करत होते. मार्क होते, इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर होता. घोडं अडलं होतं एसओपीपाशी.

एसओपी म्हणजे विद्यापीठाला लिहून द्यायचा दोन पानांचा निबंध. तुम्ही कोण, हाच विषय का, आयुष्यात काय सोसलं. आता मी काय सोसलं होतं? डोंबल. शनिवारी घरी गेलं की पप्पा स्टेशनवर न्यायला यायचे, एवढंच माझं आयुष्य.

अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. सकाळी राकेशने, माझ्या वर्गातल्या मित्राने, एक फाइल पाठवली.

"तेजलचं आहे. नाव बदल आणि टाक. याच्यावर तिला ॲडमिशन मिळालं होतं."

तेजल आम्हाला एक वर्ष सिनियर. सटाण्याची. आमच्याच अभ्यासिकेत एकतीस नंबरला बसायची. व्हिसा आला त्या दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपली... ती उठलीच नाही. पोस्टमॉर्टममध्येही काही निघालं नाही. तेव्हापासून एकतीस नंबर कोणी घेत नव्हतं. तीस नंबर माझा.

"मेलेल्या मुलीचं चोरायचं?" मी फोन करून म्हटलं.

"मग? ती काय तक्रार करायला येणार आहे?" राकेश हसला.

मीही हसले. खोटं कशाला बोलू?

तेजलच्या एसओपीत होतं, 'माझ्या वडिलांचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला. जनावरांचा चारा कापायच्या त्या मशीनने आमचं घर बदललं. तेव्हापासून मीच त्यांचा हात झाले. म्हणून मला कृत्रिम हात बनवायचे आहेत.'

वाचून माझ्याच अंगावर काटा आला. म्हटलं, हे पाहिजे.

पण आपल्या पप्पांबद्दल ते लिहिताना बोटं अडली. अशुभ कशाला बोला? मी 'उजवा हात' खोडून 'दोन बोटं' केलं. दोन बोटांनी काय बिघडतंय, असं वाटलं.

सगळे मेसला जेवायला गेले होते. हॉलमध्ये मी एकटी. दारापाशी हजेरीचं मशीन आहे, अंगठा लावायचं. अंगठा लागला की आतून बाईचा आवाज येतो.

तो आला...

"थँक यू."

मी मान वळवली. दार बंद. कोणी नाही.

कोणीतरी अंगठा लावून बाहेरच्या बाहेर गेलं असेल, म्हणून मी परत स्क्रीनकडे वळले. तेवढ्यात शेजारची खुर्ची मागे सरकली. फरशीवर लोखंडी पाय घासल्याचा आवाज... सावकाश. मग तीच खुर्ची पुढे आली. माणूस बसल्यावर ओढून घेतो तशी.

मध्ये प्लायचं पार्टिशन होतं. पलीकडे एकतीस.

आणि वास आला. नुकत्याच कापलेल्या ओल्या मक्याचा वास. दुसऱ्या मजल्यावर, एसी हॉलमध्ये.

मी "पाणी पिऊन येते" असं मोठ्याने म्हणत उठले. कोणाला सांगत होते कोण जाणे. कूलरपाशी दोन ग्लास पाणी प्यायले, दम घेतला. परत येताना एकतीसकडे बघितलं नाही.

फाइल उघडीच होती. पण त्यात 'दोन बोटं' नव्हतं...

'उजवा हात' होतं.

आता पुढचं सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून नीट वाचा. मला ते दिसलं. स्वच्छ दिसलं. बदलायला दोन सेकंद लागले असते. पण मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि मनात आलं, हातच बरा आहे. बोटांनी कोणाला रडू येणार?

मी सबमिट दाबलं.

पलीकडून पार्टिशनवर टकटक झाली. एकदाच. मी लॅपटॉप तसाच बॅगेत कोंबला आणि जिन्यावरून धावत खाली आले.

दुसऱ्या दिवसापासून मशीन माझा उजवा अंगठा घेईना. "प्लीज ट्राय अगेन." पुसून लावला, धुऊन लावला. "प्लीज ट्राय अगेन." डावा लावला की लगेच "थँक यू". अभ्यासिकेचे मालक म्हणाले, थंडीत कातडी सुटते, व्हॅसलीन लाव. मी मूर्खासारखं लावलंसुद्धा.

३० नोव्हेंबर, रविवार. अर्ज पाठवून तेरावा दिवस. परत दुपारचे अडीच. समोर पुस्तक होतं, पण माझे कान त्या मशीनकडे होते.

"थँक यू."

दारात कोणी नव्हतं... आणि माझा फोन वाजला.

निफाडहून हिरामण मामा. रविवार म्हणून पप्पा सहज त्याच्याकडे गेले होते.

"पोरी, तू ये. आत्ताच्या आत्ता ये." मामा रडत होता. "दाजींचा हात..."

उजवा. मनगटाच्याही वरून. कडबाकुट्टीत.

पप्पांनी जन्मात कधी त्या मशीनला हात लावला नव्हता. त्या दिवशी मामाशी गप्पा मारता मारता त्यांनी मक्याची एक पेंढी नुसती उचलून मशीनच्या तोंडावर ठेवली होती. हॉस्पिटलच्या जिन्यात मामा माझे दोन्ही हात धरून एकच सांगत होता.

"लाईट नव्हती गं. आईच्यान सांगतो. सकाळपासून लाईट नव्हती. मशीन चाललंच कसं?"

फक्त राकेशला फोनवर सगळं सांगितलं, तर त्याने ऐकून घेतलं आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाही. भित्रट मेला.

आठ दिवसांनी मी सटाण्याला गेले, तेजलच्या घरी. मला तिचा इतका राग आला होता की वाटेत एसटीत बसून मी तिला शिव्या दिल्या. माझं चुकलं, तर माझा हात घ्यायचा होतास. पप्पांनी तुझं काय घोडं मारलं होतं?

तिची आई, नवसाबाई, ओट्यावर कांदे निवडत बसली होती. आत खाटेवर तिचे वडील. उजवी बाही रिकामी.

ती बाही बघितली आणि माझा राग ओसरला. मी नवसाबाईंचे पाय धरले.

"मावशी, मी तेजलचं चोरलं. तुमचं दुःख चोरलं. तिला म्हणावं, आता सोड आम्हाला."

त्या रागावल्या नाहीत. आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेताने हळूच बोलल्या.

"माय, तिनं तो कागद धाडला ना... तवा यांचा हात धडधाकट व्हता."

"म्हणजे?"

"कागद धाडला, आन् तेराव्या दिवशी हात गेला. मंग पोर रडरड रडली. म्हणे, आई, ते मी नही लिहिलं, मी कोणाचं तरी उतरवलं. ती बसायची त्या टेबलच्या ड्रॉवरमधी भेटलं म्हणे."

"कोणाचं होतं?"

"नावच नव्हतं त्यावर."

जिला मी शिव्या घालत होते, ती बिचारी माझ्यासारखीच निघाली. मग त्या दुपारी शेजारी येऊन कोण बसलं होतं?

निघताना नवसाबाईंनी माझं मनगट धरलं.

"तुना व्हिसा आला का?"

"नाही."

"येऊ देऊ नको."

नाशकात रूमवर येते तर विद्यापीठाचा मेल आलेला. ॲडमिशन मिळालं होतं. 'तुमच्या वडिलांचं धैर्य वाचून आम्ही भारावलो' असं लिहिलं होतं. मी त्याच दिवशी नकार कळवला, अभ्यासिका सोडली, बाडबिस्तरा गुंडाळून मनमाडला आले.

वाटलं, सुटले.

पप्पा गल्लीभर सांगत फिरतात, "पोरीने माझ्यासाठी परदेश सोडला." लोक माझं कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. पप्पा असली पेजेस वाचत नाहीत, म्हणून तर इथे लिहितेय.

ते आता डाव्या हाताने गिरवतात. पहिलीच्या मुलांची दुरेघी वही आणली आहे. रोज दुपारी जेवण झालं की बसतात. ज्याच्या अक्षरातली मानपत्रं लोकांनी फ्रेम करून भिंतीवर लावली, तो माणूस साधा 'ग' काढताना घामाघूम होतो. मी स्वयंपाकघरातून बघते आणि रडते.

परवा म्हणाले, "हर्षू, एक गंमत सांगू? माझा गेलेला हात आहे ना, तो दुपारी लिहितो."

"काय?"

"अगं, खरंच. बोटांत पेन जाणवतं, मनगट फिरतं. डॉक्टर म्हणाले, हात गेला तरी मेंदूला वाटत राहतं. बऱ्याच जणांना होतं."

मी घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजायला पाच मिनिटं कमी होती.

"काय लिहितो?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

पप्पांनी डोळे मिटले. रिकामी बाही मांडीवर होती. खांदा मात्र बारीक हलत होता... ओळीच्या शेवटापर्यंत जायचा आणि परत सुरुवातीला यायचा.

"इंग्रजी आहे गं," ते हसून म्हणाले. "मला मराठीवाल्याला कुठलं लागायला? रोज तेच असतं, आणि रोज एक ओळ पुढे जातं. पहिला शब्द तेवढा ओळखू येतो."

"कोणता?"

"तुझं नाव."

पुढच्या ओळींत काय आहे, ते मी अजून विचारलेलं नाही. सव्वादोन झाले की मी हातातलं काम टाकून पप्पांच्या समोर जाऊन बसते. त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवते.

उजवा कसा धरायचा, ते मला कळत नाही.