चावीवाल्याला श्रद्धांजली

ज्या माणसाला मी सकाळी सात वाजता भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली होती, तो सव्वाआठला आमच्या दारात उभा होता. केस ओले, खांद्यावर पाणी सोडायची लांबलचक लोखंडी चावी, आणि चेहऱ्यावर… राग म्हणावा तर तोही धड नव्हता.

"नगरसेविका हाईत का घरात?"

"मीच. बोला."

"मी जोतिराम. सकाळी वारलेला."

माझ्या हातातला चहाचा कप हातातच राहिला. त्यानं मोबाइल पुढे केला. झेंडूच्या हारात त्याचाच हसरा फोटो, खाली 'पेठेचे चावीवाले पिराजीनाना यांचे दुःखद निधन' आणि अगदी तळाशी हात जोडलेली मी. शोकाकुल, आपली नम्र अनुजाताई!

"चेहरा माझा, नाव पिराजीनानांचं, आणि रडताय तुमी," तो म्हणाला. "आमच्या आईनं हंबरडा फोडला. मी समोर बसून पोहे खात हुतो, तरी! गल्लीतल्या बायका पळत आल्या. पयल्यांदा रडल्या, आणि मग इचारलं, आता पाणी कोण सोडणार?"

मला हसू आलं. येऊ नये तेव्हाच नेमकं येतं ते. मी ओठ घट्ट मिटले, पण त्यानं बघितलं होतं… आणि त्याच्याही ओठांचा कोपरा जरासा हलला.

झालं होतं एवढंच, की पेठेचे जुने चावीवाले पिराजीनाना आदल्या संध्याकाळी गेले. आबांनी कुणाला तरी फोन करून 'चावीवाल्याचा फोटो पाठव' म्हणून सांगितलं, आणि त्या शहाण्यानं सध्याच्या चावीवाल्याचा पाठवला.

"मी नाही पाठवलं हे," मी म्हणाले.

"सही तुमची हाय."

"असेल. फोन आबांकडं असतो."

"मग तुमच्या नावानं बोलतंय कोण?"

टोमणा मारला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते. पण त्यानं खरंच विचारलं होतं. तो गेला तरी मी दारातच उभी होते.

माझे वडील गणपतराव, म्हणजे आबा, दोनदा नगरसेवक झालेले. यंदा जागा महिलांसाठी राखीव झाली, म्हणून शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या मला उभं केलं. मी निवडून आले आणि घरी एक नवा फोन आला, तो थेट आबांच्या खिशात गेला. त्यावर 'आपली पेठ, आपली अनुजाताई' नावाचा गट, माणसं अकराशे. नेत्रतपासणी शिबिर, हळदीकुंकू, पोरांच्या रांगोळी स्पर्धा, वाढदिवस, पाणी बंदचे दिवस… सगळं माझ्या नावानं आणि माझ्या त्या एकाच फोटोसह, ज्यात फोटोग्राफरनं मला दोन छटा गोरी केलंय. पाच महिने मी ते निमूट वाचत होते.

त्या दिवशी मात्र मी आबांसमोर जाऊन उभी राहिले. "चूक दुरुस्त करा, आबा. आणि माफी मागा."

"उडवली की पोस्ट. इशय संपला." आबांनी पेपरातून मान वर केली नाही. "माफी मागितली की मानूस पडतोय, अनू."

मग मी माझ्या स्वतःच्या फोनवरून गटात लिहायला गेले. लिहिताच येईना! फक्त ॲडमिन लिहू शकतात म्हणे, आणि ॲडमिन आबा. ज्या गटाला माझं नाव, त्यात मला एक शब्द उच्चारायची सोय नव्हती. माझं टाळकंच सरकलं. चपला घातल्या आणि तडक चौकात गेले.

चौकात तालमीच्या भिंतीवर काळा फळा आहे. कुस्ती मारलेल्या मल्लांचं अभिनंदन, कुणाचं निधन, कुणाचा सत्कार, सगळं तिथं खडूनं लिहितात. तालमीतून खडू मागून घेतला आणि लिहिलं, 'पिराजीनाना काल गेले. चाळीस वर्षं त्यांनी या पेठेला पाणी दिलं. जोतिराम ठणठणीत आहेत. चुकीचा फोटो गेला, त्याबद्दल माफी. अनुजा.'

ताई नाही, नम्र नाही, लाडकी नाही. नुसती अनुजा! किती बरं वाटलं म्हणून सांगू…

"ठणठणीत लिहिलासा, बेस केलं," मागून आवाज आला. तोच! "स्थळं यायची बंद हुतील असं भ्या वाटाय लागलं हुतं."

"येतायत का स्थळं?"

"आता नगरसेविकेनंच लिहून दिलंय म्हटल्यावर येतील की."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फळ्याशी गेले. तिसऱ्याही. लोकांना काय हवं असतं, तर आज पाणी कधी येणार, किती वेळ येणार आणि दाखल्याचा माणूस कचेरीत कधी सापडणार. आबांच्या गटात हे सोडून सगळं असायचं. पाण्याची खरी वेळ पेठेत एकालाच ठाऊक. तो चावी खांद्यावर टाकून यायचा, मी खडू घेऊन तयार असायचे.

"आज?"

"सव्वासहा ते सव्वासात. खालच्या गल्लीला दाब कमी हाय, दहा मिनटं जादा देतो."

"नक्की?"

"माझ्यावर इश्वास न्हाय व्हय? या हिकडं." त्यानं चावीचं टोक जमिनीतल्या व्हॉल्व्हवर टेकवलं. "मुठीला कान लावा."

मी वाकून कान लावला. गार लोखंड, आणि आत खोलवर… सुंsss… पाण्याचा एकसारखा सूर. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो माझ्याकडेच पाहत होता, आणि मग एकदम आकाशाकडे पाहायला लागला. वर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

दोन महिने असेच गेले. त्याच्या बोटांना गंज आणि माझ्या बोटांना खडू. माझं अक्षर बघायला म्हणून तो थांबायचा, आणि मी एकेक अक्षर उगाचच घोटत बसायचे. सोमवारी पाण्याला सुट्टी असायची, पण तो यायचा. मीही जायचे. कशाला, ते दोघांनीही कधी विचारलं नाही…

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. सगळी पेठ मला ताई म्हणते. सत्तरीच्या धोंडुबाईही म्हणतात. हा कधीच नाही! एकदा विचारलंच.

"तुम्ही मला ताई का म्हणत नाही हो?"

त्यानं चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "म्हणायचं असतं तर पयल्याच दिवशी म्हटलं असतं की."

"म्हणजे?"

"म्हणजे… साडेसहा लिवा. उशीर व्हायलाय."

मी साडेसहाच्या जागी साडेआठ लिहिलं. पाणी हुकलेली निम्मी पेठ मला शिव्या घालत कामावर गेली, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आणि मग त्या गुरुवारी दुपारी गटात पोस्ट पडली. 'रविवारी सकाळी दहा वाजता चौकात नव्या जलवाहिनीचे उद्घाटन. त्याच मांडवात आपल्या लाडक्या अनुजाताईंचा साखरपुडा, पेठ वडगावचे विजयसिंह यांचे चिरंजीव अमरसिंह यांच्याशी. सर्वांनी यावे ही नम्र विनंती. आपली, अनुजाताई.'

माझ्याच साखरपुड्याचं आमंत्रण मीच दिलं होतं, आणि मलाच ते गटात वाचायला मिळत होतं! अमरसिंहांना मी एकदा भेटले होते. ते वीस मिनिटं गाडीबद्दल बोलले. नंतर आबा 'पोरगं बरं हाय' म्हणाले, तेव्हा मी 'बघू' म्हणाले होते. आबांना 'हो' ऐकू आलं.

शुक्रवारी सकाळी जोतिराम फळ्याशी आला. खांद्यावर चावी नव्हती.

"अभिनंदन, ताई," तो म्हणाला.

त्या एका शब्दानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईशपथ, सबंध निवडणुकीत विरोधक इतकं बोलले, तरी आलं नव्हतं.

"चावी कुठाय तुमची?"

"काढून घेतली. रविवारी खालच्या गल्लीचं पाणी बंद ठेव म्हणाला आमचा ठेकेदार. म्हंजे मांडवातल्या नळाला जोर येतोय. मी म्हटलं, असलं जमायचं न्हाय. तर म्हणाला, मग येऊ नगंस."

"आणि हे मला आत्ता सांगतोयस?" मी कधी 'तू'वर आले ते कळलंच नाही.

"तुमची लग्नाची गडबड…"

"मी हो म्हटलेलं नाही, जोतिराम! मला कुणी विचारलेलंच नाही!"

तो एक पाऊल पुढे आला. "मग सांगा की तसं. माझं मरण दुरुस्त केलासा. सोताचं लगीन तेवढं चुकीचं ऱ्हाऊ देणार?"

आणि तो निघून गेला. मी खडू हातात धरून उभी. त्या दिवशी फळा कोराच राहिला.

शनिवारी मी आबांना सगळं स्पष्ट सांगितलं. लग्न करणार नाही, पाणी बंद ठेवू नका, जोतिरामला कामावर घ्या. आबांनी शांतपणे चष्मा पुसला.

"निवडून तू आलीस, पर मतं मला पडली. उद्या मांडवात गप उभी ऱ्हा. न्हायतर राजीनामा लिहून ठेव."

रविवारी मांडव खचाखच भरला. नळाला झेंडूची माळ, व्यासपीठावर गॉगल लावलेले अमरसिंह. आबांनी नळ फिरवला आणि पाणी असं उसळलं की पुढच्या रांगेचे फेटे भिजले. टाळ्या! मग माझ्या हातात माइक आला, आणि भाषणाचा कागद. तो मी घडी करून मुठीत दाबला.

"नमस्कार. मी अनुजा. सात महिने माझ्या नावानं गटात जे येतंय, त्यातलं एक अक्षरही माझं नाही. फळ्यावरचं तेवढं माझं."

मी नळाकडे बोट केलं.

"हे उडतंय ना पाणी, ते खालच्या गल्लीचं आहे. इथं शोभा यावी म्हणून तिकडचं बंद केलंय. ज्यानं बंद करायला नकार दिला, त्याचं काम काढून घेतलं. आणि साखरपुडा… अमरसिंह, तुम्हाला इथवर यावं लागलं, माफ करा. पण मला कुणी विचारलंच नव्हतं."

अमरसिंहांनी गॉगल काढला. "मला तरी कुठं इचारलंय ओ?"

सगळा मांडव खो खो हसला. आबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी माइकची वायर खेचली. "राजीनामा दे! आत्ताच्या आत्ता!"

"देणार नाही." आता माइकची गरज नव्हती, माझा आवाज पोचत होता. "मी निवडून आलेय, आबा. मतं कुणाला पडली ते पुढच्या वेळी एकेकट्यानं उभं राहून बघू."

मी खाली उतरले आणि खालच्या गल्लीकडे चालू लागले. मागून धोंडुबाई, त्यांच्या मागून बायका, कुणाच्या काखेत घागर तर कुणाच्या हातात बादली.

गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्हजवळ बदलीचा माणूस चावी घेऊन बसला होता. एवढ्या बायका बघून त्यानं चावी माझ्या हातात दिली आणि बाजूला झाला. गर्दीतून जोतिराम पुढे आला, पण दोन पावलांवर थांबला.

"मला हात लावता येत न्हाय. मी कामावर न्हाय."

"नको लावू. कसं करायचं ते सांग."

चावी जड होती. मी ती व्हॉल्व्हवर बसवली आणि जोर लावला. हलेना.

"डावीकडं. आंग टाका थोडं… हां. दमानं. एकदम सोडलं तर पाइप फुटतोय."

चावी करकरली. एक फेरा. दुसरा. माझी वेणी सुटली, साडी गुडघ्यापर्यंत मातीनं भरली. तो माझ्या शेजारी उकिडवा बसून एकेक फेरा मोजत होता. इतक्या जवळ, की त्याचा श्वास ऐकू येत होता…

"जोतिराम."

"अजून दोन फेरं."

"माझ्याशी लग्न करशील?"

त्यानं फेरा मोजायला उचललेलं बोट खाली घेतलं.

"मला नोकरी न्हाय," तो म्हणाला.

"ते विचारलं नाही मी."

"दोन खोल्यांचं घर हाय."

"तेही नाही विचारलं."

"तुमचं आबा…"

"त्यांचं मी बघते. तू तुझं सांग. नुसती मान हलवून चालायचं नाही, मी तुझ्या वतीनं काही धरून चालणार नाही. माझ्या बाबतीत ते झालंय. तोंडानं सांग."

त्यानं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "व्हय," तो पुटपुटला.

"ऐकू आलं न्हाय रं!" धोंडुबाई मागून ओरडल्या.

"व्हय म्हटलं की!" तो असा गरजला की बदलीचा माणूस दचकला.

मी शेवटचे दोन फेरे दिले. पहिल्याच घरच्या नळातून आधी हवा फुसफुसली, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. धोंडुबाईंनी घागर धारेखाली लावली आणि त्या वरच्या अंगाला तोंड करून ओरडल्या, "पाणी आलं गंsss! आणि अनुजा लगीन करतीया, जोतिरामसंगं!" वरच्या घरानं ऐकलं, त्याच्या वरच्यानं ऐकलं. मांडवापर्यंत पोचायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

माझा फोन वाजला. आबा. जोतिराम उठून उभा राहिला. मी मातीच्या हातानंच फोन कानाला लावला.

"ह्ये काय ऐकतोय मी, अनू? तुझ्या नावानं असलं कोण बोलतंय?"

"मी बोलतेय, आबा," मी म्हणाले. "मीच."