फेच्केचा थांबा

गुलाशचं पातेलं खरवडून झालं होतं. शनिवारची रात्र, साडेनऊ वाजून गेलेले. बुडापेस्टहून दोन दिवस घोडे चालवायला आलेली पोरं शेकोटीभोवती पाय ताणून बसली होती. दिवसभर कुणी खोगिरावर बसलं होतं, कुणी बग्गीचे लगाम धरले होते. मांड्या भरून आल्या होत्या, पण सगळी खुशीत होती.

"बालिंतकाका," झोम्बोर नावाचा पोरगा म्हणाला, "तुमच्या घोड्यांना समजावा जरा. येताना त्या दगडी क्रुसापाशी मधेच थांबले. मी लगाम झटकतोय, ओरडतोय, ढिम्म हलेनात. पेट्रोल संपलं की काय त्यांचं?"

पोरं हसली. बालिंतकाका हसले नाहीत. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर घोड्यांचा साज शिवून बोटं वाकडी झालेली.

"किती वेळ थांबले?"

"चार-पाच मिनिटं."

"तेवढाच लागतो," काका म्हणाले.

"कशाला?"

"शिंगराला लुचायला."

"शिंगरू कुठं होतं आपल्याबरोबर?" एनिको म्हणाली. "आणि काका, ते दोघंही घोडे आहेत. घोडी असती तर गोष्ट वेगळी."

काकांनी एक ओंडका विस्तवात सारला. 

"हे घोडे आधी गाश्पारचे होते," मग ते म्हणाले. "माझ्या चांगल्या ओळखीचा माणूस. वाईट नव्हता. त्याच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो. शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मधे बोलायचं नाही."

काकांनी सांगितलेली गोष्ट ती ही.

गाश्पारची वस्ती स्टेशनपासून नऊ किलोमीटरवर होती. मधे सगळा वाळूचा रस्ता, दोन्ही बाजूंना गवताचं रान, आणि बरोबर अर्ध्या वाटेवर अकेशियाच्या झाडांखाली तो दगडी क्रूस. शनिवार-रविवार धरून शहरातले पाहुणे यायचे, घोड्यावर बसायचे, बग्गी हाकायला शिकायचे, पिरोश्काच्या हातचं जेवून तृप्त व्हायचे. पिरोश्का म्हणजे गाश्पारची बायको. त्यांना एकच मुलगी, बोरोका, पाच वर्षांची.

गाश्पारची सगळ्यात गुणी घोडी फेच्के. दोन हजार बावीसच्या ईस्टरनंतर तिला शिंगरू झालं. त्याच्यासाठी बालिंतकाकांनी पहिली मोहरकी शिवून दिली, तोंडाला बांधायची, मऊ चामड्याची, आणि दृष्ट लागू नये म्हणून तिच्यात लाल फीत ओवली. बोरोका त्या शिंगराच्या गळ्यात पडून झोपायची. नाव ठेवायचं अजून राहिलं होतं.

त्या भागात दूधपिती घोडी गाडीला जुंपली की शिंगरू बाजूनं मोकळं पळतं. मात्र अर्ध्या वाटेवर गाडी थांबवायची, ही तिथली रीत. गाडीत पाद्री असो, नवरी असो, कुणी कुरकुर करत नाही. शिंगरू येतं, पोटभर लुचतं, मग निघायचं. त्या रस्त्यावर थांबायची जागा म्हणजे क्रूस.

त्याच साली, पेंतेकोस्टच्या सणाच्या सोमवारी, गाश्पार पाहुण्यांना रात्रीच्या शेवटच्या आगगाडीला सोडायला निघाला. जेवणं लांबली होती, घोटभर दारूही झाली होती. उशीर झालेला. क्रुसापाशी फेच्के आपसूक थांबली. शिंगरू धापा टाकत आलं आणि तिच्या पोटाशी घुसलं.

"गाश्पारभाऊ, गाडी चुकेल हो," एक पाहुणा म्हणाला. "उद्या ऑफिस आहे."

गाश्पारनं घड्याळ बघितलं. त्यानं चाबूक उचलला. फेच्केला आयुष्यात कुणी मारलं नव्हतं. पहिल्या फटक्याला ती नुसती थरथरली. दुसऱ्याला तिनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं. तिसऱ्याला निघाली.

शिंगरू मागे पळत राहिलं. त्याची बारीक हाक येत होती. फेच्के सारखी मान वळवून उत्तर देत होती. गाडीतली एक बाई म्हणाली, "थांबवा ना हो, लहान आहे ते."

"येईल मागोमाग," गाश्पार म्हणाला. "कुठं जातंय?"

मग हाक यायची बंद झाली.

परत येताना त्याला ते क्रुसाच्या थोडं अलीकडे चरात सापडलं. कुठल्या मोटारीनं उडवलं की धावून धावून छाती फुटली, कुणास ठाऊक. जिभेवर वाळू होती. फेच्के तिथं उभी राहिली आणि तिच्या आचळांतून दूध गळायला लागलं, टप टप, रस्त्यावर. गाश्पारनं क्रुसामागे खड्डा करून शिंगरू पुरलं. मोहरकी काढायला त्याचा हात धजला नाही.

घरी येऊन त्यानं सांगितलं, मी थांबलो होतो, ते लुचत होतं, तेवढ्यात ट्रक आला. पिरोश्कानं विश्वास ठेवला. बोरोका मात्र रोज विचारायची.

"बाबा, तू थांबला होतास ना?"

"हो गं."

"नक्की?"

"सांगितलं ना एकदा. झोप आता."

फेच्केनं दाणा सोडला. क्रुसाच्या दिशेला तोंड करून भिंतीशी उभी राहायची. नवव्या दिवशी सकाळी गाश्पार तबेल्यात गेला तर ती आडवी पडली होती. डोळे उघडे होते आणि दाराकडे लागलेले होते. त्यानं गावात सांगितलं, पोटदुखीनं गेली.

तेव्हापासून एक गोष्ट झाली. त्याचे बाकीचे दोन घोडे क्रुसापाशी थांबेनात. कान मागे पाडून भरधाव निघून जायचे. पाहुण्यांना मजा वाटायची. गाश्पार म्हणायचा, उडाणटप्पू आहेत लेकाचे. पण तिथून जाताना तो क्रुसाकडे बघत नसे.

एक वर्ष गेलं. पुन्हा पेंतेकोस्टचा सोमवार आला, एकोणतीस मे. पुन्हा पाहुणे, पुन्हा तीच शेवटची गाडी. बोरोका हट्टाला पेटली, मी पण येणार.

"रात्र होईल तिला," पिरोश्का म्हणाली.

"माझ्याजवळच बसणार आहे ना? लगेच येतो."

पिरोश्कानं तिला जाड स्वेटर घातला, खिशात पावाचा तुकडा दिला. "हिला सोडू नकोस हं एकटीला," ती फाटकातून दोनदा म्हणाली.

पाहुणे आगगाडीत बसले, स्टेशन रिकामं झालं. बापलेक परत निघाले. अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र होता. अकेशियाचा वास सुटला होता. बोरोका बापाच्या दंडाला टेकून पेंगत होती.

दहाला दहा मिनिटं कमी असताना क्रूस आला.

आणि घोडे थांबले.

वर्षभरात पहिल्यांदा. कोकरासारखे उभे राहिले. गाश्पारला आधी बरंच वाटलं. संपलं एकदाचं, असं त्याच्या मनात आलं.

"बाबा, शू लागली."

गाडीवाला खाली उतरला तर लगाम हातात घेऊन उतरतो, पोराला एकटं सोडत नाही. गाश्पारला हे काय शिकवायला हवं होतं? पण घोडे इतके शांत उभे होते. त्यानं बसल्या जागेवरून तिचा हात धरून तिला खाली सोडलं.

"त्या झाडामागेच जा. लांब नको."

"अंधार आहे."

"मी इथंच आहे."

तिची पावलं वाळूत वाजली. मग शांत झालं.

मग आवाज आला.

चुक... चुक... चुक...

गाश्पारनं खाली वाकून बघितलं. डाव्या घोड्यानं मागचा पाय किंचित बाजूला घेतला होता. दूध पाजताना घोडी घेते तसा. त्याच्या पोटाखाली काही नव्हतं. नुसती सावली. आणि तो आवाज.

"बोरोका, ये लवकर."

"आले."

आवाज थांबला. घोडे निघाले.

त्यानं लगाम खेचला. कुणीतरी समोरून तेवढ्याच जोरानं खेचला. त्यानं ब्रेक दाबला. चाकं वाळूत घासत गेली, घोडे थांबले नाहीत. दोन घोडे पळत होते. टापा तिघांच्या वाजत होत्या. तिसऱ्या टापा डाव्या बाजूला... फेच्के जुंपायचे तिथं.

"बाबा."

मागून.

"बाबा, मी राहिले."

"तिथंच थांब, बोरोका. तिथंच थांब."

"बाबा, थांब ना."

लहान पावलं धावत होती. त्याला ती ऐकू येत होती. एवढ्या खडखडाटातही येत होती. मागे... आणखी मागे...

मग हाक यायची बंद झाली.

गाश्पारनं उडी टाकली. घोटा मुरगळला. उठला, मागे धावायला लागला. क्रूस दिसत होता, चंद्रात पांढरा. फार तर पाचशे पावलं. तो धावला. क्रूस तेवढाच लांब. पुन्हा धावला. तेवढाच लांब.

दम लागला म्हणून तो थांबला.

मागे चाबूक वाजला.

त्याचा चाबूक बग्गीत राहिला होता.

तो धावला. छाती फुटायला आली, थांबला. पुन्हा चाबूक. आता मानेवर गरम श्वास येत होता, ओला, गवताच्या वासाचा. कुणीतरी त्याच्या बाजूनं चालत होतं. घाई नव्हती त्याला.

"फेच्के," तो म्हणाला, "चुकलं माझं. पोरीला सोड..."



तिसऱ्यांदा चाबूक वाजला. तो धावला...

इथं काका थांबले. शेकोटी खाली बसली होती. कुणी ओंडका सारला नाही.

"साडेदहाला घोडे रिकामी बग्गी घेऊन वस्तीवर आले," काका म्हणाले. "पिरोश्कानं मला फोन केला. मी मोटार काढली. ती शेजारी बसली होती, दोन्ही हातांनी सीट धरून. त्या रस्त्यानं आम्ही तीनदा गेलो, पोरांनो. क्रुसापाशी उतरून बॅटरी मारली, हाका मारल्या. चरात बघितलं. रस्ता सरळ आहे तिथला. ना गाश्पार, ना मुलगी. कुणी नव्हतं. चौथ्यांदा गेलो तेव्हा फटफटलं होतं."

त्या वेळी गाश्पार क्रुसासमोर गुडघ्यांवर होता. बुटांचे तळ झिजून गेले होते, पायांतून रक्त येत होतं. आणि क्रुसाच्या पायथ्याशी बोरोका बसली होती. अंगावर दव नव्हतं. हात लावला तर ऊबदार, जणू अंथरुणातून उठून आलीय. केस सगळे एकाच बाजूला चापून बसलेले, ओले, कुणी चाटून बसवावेत तसे. हनुवटीवर काहीतरी पांढरं सुकलेलं.

पिरोश्कानं तिला उचललं, पदरात घ्यावं तशी कोटात घेतली. "थंडी वाजली का गं? भूक लागली का?"

"नाही. ती होती ना."

"कोण ती?"

 बोरोका बापाकडे बघत होती. रडत नव्हती, रागावलीही नव्हती.

"बाबा आज पण थांबला नाही," ती म्हणाली.

पिरोश्का गाश्पारकडे वळली.

"आज पण म्हणजे?"

 गाश्पारनं डोकं वाळूला टेकलं. पिरोश्का त्याच्याकडे बघत राहिली, आणि बघता बघता तिला सगळं कळलं. ते मी पाहिलं, काका म्हणाले, आणि ते पाहायला नको होतं असं मला अजून वाटतं.

आठवड्यातच ती मुलीला घेऊन सेगेदला आईकडे गेली. बोरोका तिथं शाळेत जाते, बरी आहे, हसते-खेळते. बाप भेटायला गेला की आईच्या मागे जाऊन उभी राहते. आता तो जातही नाही. घोडे त्यानं बालिंतकाकांना देऊन टाकले. त्या रात्रीपासून ते क्रुसापाशी थांबतात, कुणीही लगाम धरला तरी.

"त्या सकाळी पोरीच्या गळ्यात काहीतरी होतं," काका म्हणाले. "पिरोश्कानं ते काढून माझ्या हातात दिलं. हे कुणाचं, असं तिनं विचारलं नाही."

ते उठून साजाच्या खोलीत गेले. खिळ्यावरून काहीतरी काढून आणलं आणि झोम्बोरच्या मांडीवर ठेवलं. लहानशी मोहरकी, मऊ चामड्याची. लाल फीत मातीनं काळी पडलेली.

"माझी शिवण मी ओळखतो. ही क्रुसामागे शिंगराबरोबर पुरली होती. खड्डा आम्ही जाऊन बघितला. वर्षाचं गवत होतं त्यावर, कुणी उकरलेलं नव्हतं." काका खाली बसले. "चामडं खिळ्यावर टांगून ठेवलं की सुकून कडक होतं. दीड वर्ष झालं हिला. नाकावर बसते ती पट्टी बघ, आतल्या बाजूनं."

झोम्बोरनं आतून बोट फिरवलं.

मग ते विस्तवाजवळ धरून बघितलं. बोट ओलं होतं, पांढरं. एनिकोनं वाकून वास घेतला आणि तोंडावर हात ठेवला.

दूध अजून कोमट होतं.