टेकडीसाठी किती द्याल?

तिने बेल वाजवली, तेव्हा दार उघडायला तो हातात पोट उघडलेलं व्हायोलिन घेऊनच आला. खोलीभर व्हार्निशचा वास. खिडकीत धुकं टेकलेलं.

"पाणी खात्याकडून आलेय," ती म्हणाली. "टेकडीवरची झाडं गेली तर आपले झरे आटतील. ती राखायला तुमचं घर दरमहा किती देईल? सगळ्यांची उत्तरं आली की ठरेल, टेकडी ठेवायची की विकायची."

तो तिच्याकडे बघतच राहिला. भुवयांवर धुक्याचे बारीक थेंब होते तिच्या...

"पाचशे."

"पाचशे?" आतून त्याची आई ओरडली. "विजेचं बिल भरताना तर जीव जातो तुझा!"

तिला हसू आवरेना. पण क्षणात ती गंभीर झाली. "माझ्याकडे बघून सांगू नका हो. असे आकडे धरून बसलो आणि उद्या कुणी दिलेच नाहीत, तर टेकडी हातची जाईल. उद्या आमचे काका येतील. त्यांना खरं सांगा."

काका म्हणजे तिच्या कचेरीतले झुबकेदार मिशांचे सहकारी. दुसऱ्या दिवशी परत आले ते गालातल्या गालात हसतच.

"चाळीस म्हणाला. आईला विचारून. आणि तुम्ही रविवारी कुठे असता, तेही विचारलं."

"मग... तुम्ही काय सांगितलंत?"

"खरं तेच. झऱ्याचं पाणी मोजायला टेकडीवर जाता म्हणून."

रविवारी ती उगाचच लवकर निघाली. झऱ्याजवळच्या दगडावर टेकली. पानापानांतून पाणी ठिबकत होतं, आणि धुक्यातून कुणीतरी धापा टाकत वर येत होतं.

"चाळीस नक्की देऊ," तो म्हणाला. "पाचशे मात्र... थाप होती."

"ठाऊक आहे. का मारलीत?"

"छोटा आकडा सांगितला असता, तर तुम्ही लिहून घेऊन निघून गेला असतात." तो थांबला. "आणि मला — तुम्ही जायला नको होतं. अजूनही नकोच आहे."

तिने शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. दगडावर एका माणसापुरती जागा झाली.

"बसा," ती म्हणाली. आणि त्याच्याकडे न बघता, अगदी हळू — "बस ना."